तुतीखालचा बुधला

मी एक काचेचा बुधला. पोट मोठं, मान आखूड, आणि अंगावर काही नाही. पूर्वी होतं. वाळुंजाच्या फोकांची घट्ट विणलेली टोपली होती, धरायला दोन्ही बाजूंना कान होते. ती टोपली कशी गेली हे सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही. या अंगणात येणारे लोक मला बघून म्हणतात, “रिकामाच आहे ना?” त्याचं उत्तरही शेवटी देईन.

माझा जन्म भट्टीवरचा. एका माणसाने लांब नळीच्या टोकाला मला घेतलं आणि गाल फुगवून फुंकर घातली. माझ्या पोटात पहिल्यांदा भरला तो त्या माणसाचा श्वास. फुंकता फुंकता त्याला मध्येच खोकला आला असावा, कारण माझ्या खांद्यापाशी मसुराएवढा एक बुडबुडा राहून गेला. तो अजून आहे. रंगाने मी किंचित हिरवट.

रादिसावचं लग्न झालं त्या वर्षी त्याने मला गाडीतून आणलं. दुनाव नदीच्या काठावरच्या टेकडीवर त्याचा द्राक्षमळा, आणि घराखाली थंड तळघर. त्याची बायको स्तामेना मला धुवायची आणि रादिसाव माझ्यात वाइन भरायचा. दर शरदात धुणं झालं की तो गंधकाची पट्टी पेटवून तारेने माझ्या पोटात सोडायचा आणि वरून बूच दाबायचा. निळसर धूर माझ्यात फिरत राहायचा. त्याच्या बापाने हेच केलं होतं, आजोबाने हेच. गंधकाचा धूर दिल्याशिवाय भांडं स्वच्छ झालं असं या गावात कोणी मानत नाही. हे लक्षात ठेवा.

बरीच वर्षं त्या घरात मूल नव्हतं. तळघरात स्तामेना कधीकधी उगाचच यायची, धुतलेलं भांडं परत धुवायची आणि वर जायची. मग एका वसंतात ती यायची थांबली. जिना उतरायचा नाही असं तिला सांगितलं होतं. त्या हिवाळ्यात मुलगी झाली.

तिहोमिर तेव्हा पहिल्यांदा माझ्याजवळ आला. तो या घरचा कूम. लग्नात शेजारी उभा राहून मेणबत्ती धरणारा, मुलाचं नाव ठेवणारा माणूस म्हणजे कूम. सख्ख्या भावापेक्षा त्याचा मान मोठा. मुलीचं नाव त्यानेच ठेवलं, कोसारा.

आलुबुखाराची जुनी दारू, इथली राकिया, रादिसाव माझ्यात ओतत होता आणि तिहोमिर बघत होता.

“हे काय चाललंय?”

“पुरतोय. तिच्या लग्नात काढू.”

“अरे, मुलगा झाला की पुरतात! मुलीसाठी कोण पुरतं? ती जाणार दुसऱ्याच्या घरी. तिथे त्यांची राकिया असेल.”

“म्हणून तर. जाताना आपली नको का न्यायला?”

“एवढी?”

“तू येणारच की लग्नाला. अर्धी तुलाच लागेल.”

तिहोमिर हसला आणि त्याने स्वतःच फावडं उचललं. माझ्या तोंडावर मेण ओतलं, आणि अंगणातल्या तुतीखाली खोल खड्डा करून मला टोपलीसकट त्यात उभं केलं. शेवटची मूठ स्तामेनाने टाकली. तिच्या कडेवर बाळ होतं.

जमिनीखाली दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. आधी फक्त मोठी पावलं होती. मग त्यांच्या बरोबर रांगणं आलं, मग धडपडणं, मग धावणं. तुती पिकली की फळं टपटप पडायची आणि ती छोटी पावलं त्यांतून चिकट आवाज करत फिरायची. कोणीतरी तिला माझ्याबद्दल सांगितलं असणार. एके दिवशी ती बरोबर माझ्या डोक्यावर येऊन उड्या मारायला लागली.

“ए बुधल्या, जागा आहेस का?”

मग ती जमिनीला कान लावायची. मला उत्तर देता येत नव्हतं. तरी ती म्हणायची, “आई, तो आहे. झोपलाय.” आणि उठून जाताना सांगायची, “झोप, झोप. माझं लग्न अजून लांब आहे.”

लग्न खरंच लांबत गेलं. ती शिकायला शहरात गेली आणि गुरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करायला परत आली. आता तिची पावलं जड बुटांची होती. दिवसभर गावोगाव डुकरांना सुया टोचत फिरायची आणि संध्याकाळी तुतीखाली, माझ्या वरच, येऊन बसायची. माझी टोपली तोवर कुजायला लागली होती. ओल आत येत होती, तुतीची मुळं फोकांत शिरत होती, आणि एकेक फोक सुटत होता. हे मला कळत होतं. वर सांगायची सोय नव्हती.

तिच्या हातात बाटली असायची. झाकण उडाल्याचा आवाज मी ओळखायला लागलो.

“परत तेच?” रादिसाव विचारायचा.

“तेच. वूगा.”

वूगा म्हणजे पिवळा हळद्या पक्षी. तुती पिकल्या की इथे येतो. तालुक्याच्या गावी स्रेतेन नावाच्या माणसाने छोटा कारखाना काढला होता, तो ब्लाँड एल नावाची फिकट सोनेरी बिअर बनवायचा, आणि हिरव्या बाटलीवर त्या पक्ष्याचं चित्र लावायचा. कोसारा घरी येताना होडीच्या धक्क्यावरच्या टपरीतून एक बाटली घेऊन यायची.

“तळघर वाइनने भरलंय आणि माझी मुलगी घोड्याचं मूत विकत आणते.”

“घोड्याचं तू कधी चाखलंस, बाबा?”

स्तामेनाला हसू आवरायचं नाही. एकदा कोसाराने बाटली आईच्या हातात दिली. स्तामेनाने घोट घेतला.

“कसला गं हा वास? मांजर भिजलं की येतो तसा.”

“तोच तर! त्या वासाशिवाय वूगा नाही. बाबा, एक घोट घे.”

“नाही.”

“एकच.”

“तुझ्या लग्नात घेईन. त्या दिवशी तू माझी राकिया प्यायचीस आणि मी तुझी वूगा. झालं समाधान?”

“आई, साक्षीदार तू. आणि खालचा तो.” असं म्हणून तिने चार थेंब जमिनीवर सांडले. “घे रे बुधल्या. जन्मभर राकिया पिऊन कंटाळला असशील.”

ते थेंब माझ्यापर्यंत आले नाहीत. माती मध्येच पिऊन गेली.

मग एक हिवाळा असा आला की जड बुटांची पावलं हळू झाली. ती तुतीपर्यंत यायची आणि मध्येच थांबायची. मग फाटकाशी गाडी येऊन थांबायला लागली. शहरातल्या इस्पितळाचं नाव वर वारंवार ऐकू यायचं, रक्त हा शब्दही. वसंत गेला. त्या वर्षी तुती पिकल्या, पडल्या, आणि कोणी झाडल्या नाहीत. त्यांच्यावर माश्या घोंगावत होत्या.

द्राक्षं भरत आली होती, तेव्हा एका सकाळी माझ्या डोक्यावर फावडं पडलं.

मला वाटलं, लग्न.

मी खरंच तसं समजलो. ती बरी झाली असेल, कोणीतरी भला माणूस मिळाला असेल. फावडी दोन होती, रादिसावची आणि तिहोमिरची. पण वर वाजंत्री नव्हती. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. लग्नासाठी खणताना तिहोमिर बोलल्याशिवाय राहिला असता का? माती सरकली, उजेड आला, आणि मी पहिल्यांदा पाहिलं की दोघंही म्हातारे झाले आहेत. रादिसावने मला उचलायला टोपलीचे कान धरले. कान त्याच्या हातात आले. बाकीची टोपली भिजलेल्या पाचोळ्यासारखी खड्ड्यातच राहिली.

“उघडा पडला,” तिहोमिर म्हणाला. तेवढंच.

ज्या मुलीचं लग्न झालं नाही, तिची राकिया इथे तिच्या मर्तिकाला काढतात. मेण खरवडलं. कबरीपाशी पहिला पेला रादिसावने मातीत ओतला. “देव तिला क्षमा करो,” सगळे म्हणाले, आणि पेल्याला पेला न लावता प्यायले. मला घरी आणलं तेव्हा मी रिकामा होतो. खड्डा मात्र तसाच राहिला. तो बुजवायचं कोणाच्या मनात आलं नाही, किंवा आलं तरी हात गेला नाही.

वर्षश्राद्धाला इथे गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं कबरीवर नेतात. शिजवलेला गोड गहू तर असतोच, पण त्याबरोबर त्याला आवडायची ती भाकरी, ती सिगरेट, ते पेय. वसंतात स्तामेना एकदा म्हणाली, “खसखशीची पोळी करीन. आणि वूगा लागेल.”

रादिसाव धक्क्यावर गेला. टपरी बंद झाली होती. मग तालुक्याच्या गावी गेला आणि हात हलवत परत आला. कारखानाही बंद. मोठ्या कंपन्यांपुढे स्रेतेनचा टिकाव लागला नव्हता.

“दुसरी कुठलीही घे,” तिहोमिर म्हणाला. “तूच म्हणायचास ना, सगळी घोड्याचं मूत?”

तिहोमिरने लगेच टोपी काढली, परत घातली. “माफ कर. जीभ आहे माझी.”

“मी शब्द दिलाय तिला,” रादिसाव म्हणाला. “वूगाचा. तिने राकियाचा घोट घेतला, कबरीवर पेला मी ओतला. माझा राहिलाय.”

“पण वूगा राहिली नाही, मित्रा.”

“मग करू.”

“काय करू?”

“वूगा.”

“तू? तू कधी चाखली तरी आहेस?”

हाच तर पेच होता. जी चव त्याच्या जिभेला ठाऊकच नव्हती, तिची हुबेहूब नक्कल त्याला करायची होती. चव ठाऊक होती ती एकट्या स्तामेनाला, आणि तीही एका घोटापुरती.

रादिसाव स्रेतेनला शोधून घेऊन आला. स्रेतेन आता लोखंडी सामानाच्या दुकानात काम करत होता. पन्नाशीचा, मोठ्या हातांचा. त्याने काहीच लपवलं नाही. मोड आणून वाळवलेले जव कुठून आणायचे, त्यांत मूठभर गहू का घालायचा, पाणी उकळू न देता किती गरम ठेवायचं, हॉप्सची कडू फुलं कधी टाकायची, यीस्ट कुठलं, सगळं त्याने माझ्याशेजारी बसून सांगितलं. जाताना म्हणाला, “एवढं मन लावून मला कोणी विचारलंच नव्हतं. कारखाना चालू होता तेव्हासुद्धा.”

घरातल्या सगळ्यांत मोठ्या पातेल्यात जव भिजले. त्यांचं गोड पाणी निथळलं, हॉप्सबरोबर उकळलं, गार झालं. अंगणभर भाकरीसारखा वास सुटला. स्तामेना खिडकीतून बघत होती. आणि रादिसावने मला धुतलं, पुसलं, आणि आयुष्यभर करत आला तसं केलं. गंधकाची पट्टी पेटवून माझ्यात सोडली.

मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो.

यीस्ट माझ्यात पडलं आणि तसंच बसून राहिलं. बुचातल्या वाकड्या नळीतून जी गुडगुड यायला हवी ती आली नाही. रादिसाव रोज तळघरात यायचा, कान लावायचा. कोसारा जमिनीला लावायची तसाच. बऱ्याच दिवसांनी थोडे बुडबुडे आले, पण स्रेतेनने येऊन नाक लावलं आणि मागे सरकला.

“माझ्या बिअरला काडेपेटी का लावलीत, काका?”

“धूर दिला फक्त. स्वच्छतेला.”

“वाइन हे सोसते. बिचारं यीस्ट झोपेतच मेलं.”

तिहोमिर जिन्यावर बसला होता. “म्हणजे राक्षसाला पळवायला गेलास आणि पाहुण्यालाच हाकललंस.” ते सगळं डुकरांच्या हौदात गेलं. डुकरांनीही अर्धं ठेवलं.

दुसऱ्या खेपेला स्तामेनाने मला स्वतः धुतलं, सोड्याच्या गरम पाण्याने, परत परत. गंधकाचा मागमूस राहिला नाही. या खेपेला दुसऱ्याच सकाळी नळी बोलायला लागली. आधी अडखळत, मग धो धो. माझ्यात फेस चढला, उतरला. जन्मात पहिल्यांदा माझ्या पोटात काही जिवंत हलत होतं. रादिसाव पायरीवर बसून ते ऐकायचा. स्तामेना वरून हाक मारायची, “जेवायला ये, तो पळून नाही जात!” तरी तो उठायचा नाही.

तयार झाल्यावर त्याने आधी थोड्याच बाटल्या भरल्या, परीक्षेपुरत्या. बाकीची माझ्यात. फेस धरायला दिवस दिले, आणि एका रविवारी दुपारी सगळे तुतीखाली जमले. तळघराचं दार उघडं होतं, म्हणून मला दिसलं. स्रेतेनने पेला उजेडात धरला, वास घेतला, घोट घेतला, आणि डोळे मिटले.

“ही वूगा आहे,” तो म्हणाला. “माझ्या टाकीतून निघायची तशी. काका, काही फरक नाही.”

रादिसावने पेला स्तामेनाकडे दिला. स्वतः शिवला नाही. स्तामेनाने घोट घेतला. तोंडात धरला. गिळला.

“नाही,” ती म्हणाली.

“काय नाही?”

“चांगली आहे. पण ही तिची नाही. तो वास नाही.”

“हॉप्सचा?” स्रेतेनने विचारलं.

“ओल्या मांजराचा.”

स्रेतेनचा चेहरा उतरला. “बाई, माझ्या बिअरला कधी मांजराचा वास नव्हता. कधीच नव्हता.”

“तुझ्या नसेल. तिच्या होता.”

“स्तामेना,” रादिसाव हळूच म्हणाला, “वर्ष होत आलं. आठवणीत गोष्टी…”

“माझ्या आठवणीला हात लावू नकोस!” तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. “दुसरं काय आहे माझ्याकडे?” ती आत गेली. स्रेतेनही थोड्या वेळाने टोपी हातात घेऊन निघून गेला.

आणखी एक खेप घालायला आता वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी रादिसावने मला दोन्ही हातांत धरून तळघरातून वर आणलं. कान नव्हते, म्हणून छातीशी धरून. खड्ड्याच्या काठावर मला ठेवलं. ओतून टाकणार होता, मला कळलं होतं. त्याने माझी मान धरली, मला तिरकं केलं, आणि तसाच थांबला. खाली माझी टोपली कुजून पडलेली दिसत होती. मग त्याने मला सरळ केलं, आणि फाटक उघडून मळ्याकडे चालू लागला. मागे वळून पाहिलं नाही.

मी तिथेच राहिलो. उन्हाळ्याचे दिवस. तुतीची सावली सकाळी माझ्यावर होती, दुपारी ती सरकली. आणि मग ऊन माझ्यात शिरलं.

हे मला ठाऊक नव्हतं. तळघरात अंधार, जमिनीखाली अंधार, आणि अंगावर टोपली. ऊन आरपार जातं म्हणजे काय, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. त्या सोनेरी पाण्यात काहीतरी बदलत होतं. हॉप्सचा कडूपणा कुठेतरी दुखावला जात होता. मी त्याला झाकू शकत नव्हतो. झाकायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर तिहोमिर आला, मित्राची चौकशी करायला. अंगणात कोणी नाही, खड्ड्याकाठी मी. इकडेतिकडे पाहिलं, रबरी नळी माझ्यात सोडली, तोंडाने ओढली आणि पेला भरला. एक घोट घेऊन थुंकला.

“फूः! काय रे हे! कोमट, बिनफेसाची, आणि वर बोक्याने आंघोळ केल्यासारखा वास! रादिसाव! उन्हात कोणी ठेवला हा?”

रादिसाव तेव्हाच फाटकातून आत येत होता. पण त्याच्या आधी स्तामेना दारात आली. तिने काही विचारलं नाही. वारा तिच्याकडे वाहत होता. ती पायऱ्या उतरली, तिहोमिरच्या हातातून पेला काढून घेतला आणि प्यायली.

मग ती जमिनीवर बसली.

“हीच,” ती म्हणाली. “रादिसाव, हीच. कोसारा आत्ता इथे बसली होती.”

तिहोमिरने तोंड झाकून घेतलं होतं.

स्रेतेनला बोलावणं गेलं. त्याने पेल्याला नाक लावलं आणि हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला.

“धक्क्यावरची टपरी! तिथूनच आणायची ना ती? त्या माणसाशी मी वर्षानुवर्षं भांडलो. अरे, बाटल्या हिरव्या आहेत, खोकी उन्हात ठेवू नकोस, हॉप्सला ऊन लागलं की वास बिघडतो. तो म्हणायचा, आत जागा नाही. माझी बिअर त्या एका टपरीत नासत होती, काका. आणि तुमच्या मुलीला नासलेलीच आवडली.”

“तिला असलंच आवडायचं,” स्तामेना म्हणाली. “लंगडी कुत्री, वाकड्या शेपटीची मांजरं.”

माझ्यातलं सगळं हिरव्या बाटल्यांत भरलं. वर्षश्राद्धापर्यंत फेस धरला. कबरीवर गोड गहू, खसखशीची पोळी, पिवळ्या मेणबत्त्या, आणि त्या बाटल्या. हे मी पाहिलं नाही, तिहोमिरकडून ऐकलं. म्हणे पाद्रीबाबांनीही एक पेला घेतला, नाक मुरडलं, आणि सभ्यपणे संपवला. रादिसावने तिथे घेतली नाही. एक बाटली तशीच खिशात घालून घरी आणली.

पाहुणे गेल्यावर तो तुतीखाली आला. तिच्या जागेवर बसला. मी बाजूला होतो. झाकण उडालं, तो आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला. त्याने आधी चार थेंब जमिनीवर सांडले. या खेपेला मी जमिनीखाली नव्हतो. त्यांतला एक थेंब माझ्या अंगावर उडाला.

मग तो प्यायला.

“वाईट आहे, कोसारा,” तो म्हणाला. “खरंच फार वाईट आहे गं.”

आणि बाटली तळापर्यंत प्यायला. ती रिकामी झाल्यावरही ओठांना लावून बसून राहिला.

पुढे तिहोमिर एकदा म्हणाला, “आता युक्ती कळलीय. दर वर्षी करू की.”

“आणि दुसऱ्यांदा नाही जमलं तर?” रादिसावने विचारलं.

स्तामेना शेंगा सोलत होती. तिने मान वर न करता म्हटलं, “आणि जमलं तर? मग दर वर्षी ती येणार आणि परत जाणार.”

परत कोणी तो विषय काढला नाही.

आता मी तुतीखाली असतो. खड्डा त्याच शरदात बुजला. रादिसावने बुजवला, टोपलीसकट. मळ्याचं काम तो करतो, पण माझ्यात वाइन भरत नाही. तळघरात दुसरे बुधले आहेत. स्तामेनाने त्या दिवसानंतर मला धुतलेलं नाही. तळाशी गाळाचा पातळ थर तसाच वाळलाय, आणि तोंडाला बूच आहे.

सुरुवातीला ती रोज यायची. बूच काढायची, नाक लावायची, डोळे मिटायची, आणि घाईघाईने बूच परत बसवायची. प्रत्येक वेळी माझ्यातलं थोडंसं बाहेर जायचं. तिलाही ते कळलं असावं. मग ती एक दिवसाआड यायला लागली, मग रविवारची. आता कधीकधी येते, माझ्यापाशी बसते, बुचावर हात ठेवते, आणि तसाच काढून घेते. साठवून ठेवते.

म्हणून सांगतो, तुम्ही कधी या अंगणात आलात आणि तुतीखाली एक उघडावाघडा हिरवट बुधला दिसला, तर रिकामा समजून उचलू नका. विसळू नका. त्यात काय होतं हे बघायला बूच काढू नका. माझ्यात पहिल्यांदा कोणा अनोळखी माणसाचा श्वास होता, तो मी केव्हाच घालवला. आता शेवटचं जे आहे ते एका मुलीला आवडणाऱ्या, बिघडलेल्या बिअरचा वास आहे. फार थोडा उरलाय. तो तिच्या आईसाठी ठेवलाय.